लोहचुंबक

तांबट लेनमधल्या माझ्या गल्ल्यात एक लोहचुंबक असतो,
नालाच्या आकाराचा, लाल रंग उडालेला.
मोडीत आलेलं पितळ पितळच आहे
की वरून मुलामा आणि आत लोखंड,
एवढंच बघायचं त्याचं काम. चिकटलं की खोटं.

त्या मे महिन्यात सिडकोतून जावयाचा फोन :
लस घेतल्यावर कुणाच्या तरी अंगाला म्हणे चमचे चिकटले.
मागोमाग फोटोही आला.
उघडा माणूस, छातीवर पळी, खांद्यावर उलथनं.
सगळी लेन हसली.
मी चष्मा लावून बघत होतो,
चमचे स्टीलचे की जर्मनचे.

उत्तर मला ठाऊक होतं. उन्हाळ्याच्या घामावर
नाणंसुद्धा चिकटतं.
पण ठाऊक असणं आणि भीती न वाटणं
ही दोन वेगळी दुकानं,
एकाची उधारी दुसऱ्यात चालत नाही.

वसंता गेला एप्रिलात.
अमरधामला नंबर लावावा लागला.
लसीसाठी त्याचं वय मार्चातच बसत होतं.
"पाहू," म्हणायचा, "आधी लोकांचं काय होतंय ते पाहू."
यात अडाणीपणा कसला?
कोपऱ्यात ॲसिडचा थेंब टाकून बघितल्याशिवाय
आम्ही सासऱ्याचाही हंडा घेत नाही.
मीही म्हणालो होतो, पाहू.
एकाच पाटावर बसून, एकाच चहात.

त्याच्या दुकानात एक घंगाळ पडून आहे,
निम्म्याला मठार, निम्मं कोरं.
पोरगा म्हणतो, काका, तेवढं पुरं करून द्या.
माझा ठोका वेगळा पडतो रे, ओळखू येईल,
असं सांगून मी टाळतो.

पहिल्यांदा गेलो तर लस संपलेली.
परतताना मोकळं मोकळं वाटलं,
कुणाला सांगितलं नाही.
दुसऱ्यांदा हाताच्या पंजामागे
बॉलपेनने एक्केचाळीस लिहून मिळालं.
एकोणचाळीस पुकारला आणि मी चपला शोधल्या.
घरी म्हणालो, आजही संपली.
आकडा साबणाने जाईना.
कुंदाने बघितला. रात्री वाढताना विचारलं,
"एक्केचाळीस पोळ्या करू?"

तिसऱ्यांदा का गेलो, नीट सांगता येत नाही.
भाचा डॉक्टर आहे, तो फोनवर ओरडला, त्याने नाही.
त्या सकाळी समोरून आवाज आला.
वसंताचा पोरगा स्वतःच घंगाळावर बसला होता.
ठोका चुकला की भांडं बद्द बोलतं,
आणि ते सारखं बद्द बोलत होतं.
कुणीतरी त्याच्या शेजारी बसायला हवं होतं,
त्या सहा फुटांच्या दुकानात, गुडघ्याला गुडघा लावून.

शाळेत केंद्र होतं, दुसरीचा वर्ग.
सिस्टरने विचारलं, डावा की उजवा?
डावा म्हणालो. उजव्यात हातोडी असते.
मग अर्धा तास बारक्या खुर्चीत,
समोर बाराखडी, तिच्यातला ढ तेवढा उखडलेला.
काही झालं नाही.
म्हणजे मी काही होण्याची वाट बघत होतो.

रात्री ताप चढला. दोन वाजता उठलो,
जिना उतरून दुकानात गेलो, गल्ला उघडला,
आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी, चाळीस वर्षं धातू ओळखून,
दंडाला लोहचुंबक लावला.
थंडगार. पडला फरशीवर.
जिन्यात कुंदा उभी.
"काय निघालं? पितळ?"
हसू आलं नाही दोघांनाही.
मग म्हणाली, "मला एवढ्यात नकोय. विचारू नकोस."
तिच्या बहिणीचं काय झालं होतं सिन्नरला,
लसीने की आधीच्या दुखण्याने, कुणालाच कळलेलं नाही.
दोन महिने "पाहू" म्हणणाऱ्याने
कुठल्या तोंडाने वाद घालायचा?
मी नाही विचारलं.

पुढच्या आठवड्यात गल्ल्यात लोहचुंबक सापडेना.
वर, लोखंडी कपाटाच्या दाराला चिकटलेला होता.
त्याच्याखाली तिच्या आधार कार्डाची झेरॉक्स,
चार घड्या घालून पुन्हा उलगडलेली.
मी हात लावला नाही.
दुकानात मोड आली की नुसत्या वजनावर घेतो,
आणि खाली उतरून समोर जाऊन बसतो.
पोरगा मारतो, मी ऐकतो.